बारावी झडप

११ फेब्रुवारी

चिरंजीव सूनबाई,

हे संबोधन आता नात्याने चुकीचे ठरते, याची मला जाणीव आहे. माझा मुलगा जाऊन पाच वर्षे झाली आणि तुझे दुसरे लग्न होऊन दीड. आता तू दुसऱ्या कोणाची तरी सून आहेस. परंतु उभा जन्म सरकारी छापखान्यात मुद्रिते तपासण्यात घालवलेल्या माणसालाही या जागी बसेल असा दुसरा शब्द सापडलेला नाही. सापडेपर्यंत हाच राहू दे.

तू तुझ्या शेवटच्या पत्रात दोन वाक्ये लिहिली होतीस. "तुम्हाला परकी माणसं चालतात, मी चालत नाही. तिथे तुम्हाला काही झालं तर बघणार कोण?" पहिल्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नाही. दुसऱ्याला आहे, आणि ते देण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

मी राहतो ते घर एका जहाजमालकाने बांधले, त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे बंदराची भिंत आणि भिंतीपलीकडे समुद्र. जिना सागवानी असून त्याच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या आहेत. तळमजल्याच्या तुळईला अजून तो लोखंडी आकडा आहे, ज्याला तराजू टांगून माल तोलला जाई. आता तेथे काकूंची कांद्यांची टोपली लोंबते. (काकू म्हणजे आमच्या व्यवस्थापिका. वयाने तुझ्याएवढ्याच असतील. पण बारा हट्टी माणसांना वेळेवर पानावर बसवणाऱ्या बाईला दुसरे काय म्हणावे?) हे घर पडायला आले होते, तेव्हा एका संस्थेने ते घेतले, दुरुस्त केले आणि एकेकट्या माणसांना राहावयास दिले. खोली ज्याची त्याची, स्वयंपाकघर सर्वांचे. प्रत्येकाकडे घरातले एक काम. माझ्याकडे सूचनाफलक आहे. मी आल्यापासून त्यावर एकही अशुद्ध शब्द राहिलेला नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. रस्त्याच्या अंगाला आमच्या बारा जणांच्या बारा खिडक्या आहेत, आणि प्रत्येक खिडकीला हिरवी लाकडी झडप. रात्री ती लावून घ्यावयाची आणि सकाळी उठल्यावर उघडावयाची. उघडली, म्हणजे "मी ठीक आहे." एका माणसाने सकाळी बंदराच्या भिंतीपाशी उभे राहून वर पाहावयाचे. एखादी झडप बंद दिसली, तर जाऊन दार वाजवावयाचे; ओ आली नाही, तर काकूंच्या किल्लीने दार उघडावयाचे. कोणी कोणाच्या खोलीत डोकावत नाही की तब्येतीची चौकशी करून जीव खात नाही. आणि तरीही प्रत्येकाची खबर सर्वांना असते.

ही युक्ती माझ्या शेजाऱ्याची. तो फेरीबोटीवर इंजिनवाला होता. त्याचा आवाज असा की जिन्याखाली बोलला, तर गच्चीवरचे कबुतर उडते. म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणतात आणि तो आनंदाने ओ देतो. बोटीवर म्हणे, इंजिनघरातून वर जाणाऱ्या नळीत तो दर थोड्या वेळाने एक हाक घालीत असे. हाक आली नाही की वरचा माणूस खाली धावे. "आता नळी कुठून आणायची? म्हणून झडप!" असे तो सांगतो. मला तो काना-मात्रा म्हणतो. "तुझं खरं नाव सांगू नकोस, लक्षात राहायचं नाही," असे त्याने मला पहिल्याच दिवशी बजावले. तो मला अरे-तुरे करतो. मी त्याला अहो म्हणतो. कारण आमची ओळख अद्याप जुनी झालेली नाही.

तेव्हा, बघणार कोण, याचे उत्तर: सगळे.

उत्तराची अपेक्षा नाही, असे लिहिले तर ते खोटे ठरेल.

२ मार्च

चिरंजीव सूनबाई,

तुझे उत्तर आले नाही. टपालखात्याला दोष देण्याचे माझे वय उलटून गेले आहे.

येथे सध्या एकच विषय आहे. आमच्या घराला वारसा-इमारतीचा दर्जा मिळावा, असा अर्ज संस्थेने केला आहे. तो मिळाला, तर हे घर कोणालाही पाडता येणार नाही. छायाचित्रकार या महिन्यात केव्हाही येऊन समोरची बाजू टिपणार आहे. दिवस ठाऊक नाही, सकाळ मात्र निश्चित. आणि आमच्या समोरच्या बाजूची अवस्था काय? अकरा झडपा उघड्या आणि एक बंद! छापलेल्या संबंध पानात एकाच अक्षराचा खिळा उलटा बसावा, तशी.

ती बारावी झडप भोंग्याची, हे तू ओळखले असशील. ज्याने नियम काढला, तोच तो मोडतो. रात्री उशिरापर्यंत रेडिओ ऐकतो आणि सकाळी ताणून देतो. त्याचा त्रास परिचारिकेला. ही मुलगी तळमजल्यावर राहते, तिला रुग्णालयात रात्रपाळी असते. सकाळी परत येता येता ती भिंतीपाशी थांबते आणि झडपा पाहते. ते काम तिने आपणहून मागून घेतले आहे. पायांचे तुकडे पडलेले असताना तिला रोज दुसरा मजला चढून भोंग्याचे दार बडवावे लागे, आणि आतून आवाज येई, "आहे गं आहे, अजून नाही मेलो!"

याचा बंदोबस्त मी केला आहे. दुसऱ्या मजल्याला समोरून एक अरुंद सज्जा आहे आणि आमच्या दोघांच्या खिडक्या त्यावर शेजारी-शेजारी उघडतात. त्याच्या झडपेची आतली कडी समुद्राच्या हवेने गंजून तुटली आहे. तेथे तो नुसती सुतळी अडकवतो. मी सज्ज्यावर जातो, काठीच्या मुठीने सुतळी उचलतो आणि झडप ढकलतो. पहिल्या दिवशीच तो जागा झाला.

"कोण रे तिकडे? चोर असशील तर रेडिओ सोडून काहीही ने!"

"मी आहे. आपली झडप उघडतो आहे."

"आता दातही घासून देतोस का, काना-मात्रा?"

"आपण वेळेवर उठत असता, तर मला ही तसदी पडली नसती."

"बरं, उघड बाबा, उघड. पण आत बघू नकोस हं, मी लाजतो."

मी आत पाहिले नव्हतेच. झडप ढकलताना मी तोंड समुद्राकडे वळवतो. दुसऱ्याच्या खोलीत नजर टाकू नये, एवढा सभ्यपणा माझ्या अंगी आहे. आता रोज सकाळी बाराही झडपा उघड्या असतात. परिचारिका खालूनच हात हलवते आणि सरळ झोपावयास जाते. कालच ती म्हणाली, "आजोबा, भोंगाकाका सुधारले की हो! जादू केलीत का?" मी काही बोललो नाही. काकूंनाही सांगितलेले नाही. सांगण्याजोगे त्यात काय आहे?

तुझा दमा कसा आहे, हे विचारावयाचे मागील पत्रात राहिले.

२० मार्च

सूनबाई,

भोंगा रुग्णालयात आहे. पक्षाघात.

मंगळवारी दुपारी सूप करण्याची त्याची पाळी होती. शेगडी पेटली नाही, म्हणून काकू त्याला रागे भरण्यासाठी वर गेल्या. तो पलंग आणि भिंत यांच्यामध्ये जमिनीवर पडलेला होता. शुद्धीवर होता. डॉक्टर म्हणाले, पहाटेच पडला असावा. सकाळी आणले असते, तर पुष्कळ वाचवता आले असते. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा.

त्या सकाळी बाराही झडपा उघड्या होत्या.

आणखी लिहिण्यासारखे काही नाही.

ताजा कलम. मी झडप ढकलली, तेव्हा आत काहीतरी जमिनीवर घासल्यासारखा आवाज झाला होता. मला वाटले, तो नेहमीप्रमाणे माझी थट्टा करीत आहे. मी समुद्राकडे पाहतच म्हणालो, "उठा आता." आणि चहाला गेलो.

२८ मार्च

सूनबाई,

काल घराची बैठक झाली. प्रश्न एकच होता: भोंग्याला परत आणावयाचे की नाही?

त्याला जवळचे असे कोणी नाही, एक पुतण्या तेवढा आहे. तू राहतेस त्याच शहरात त्याचे टायरचे दुकान आहे. माणूस सरळ वाटला. हातात टोपी घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काकांना इथेच यायचंय. बोलता येत नाही, पण मी घरी नेतो म्हटलं की डाव्या हातानं पलंगाची दांडी धरून ठेवतात, सोडत नाहीत. तुम्ही सांभाळणार असाल तर माझी काही हरकत नाही. पण खरं काय ते सांगा. सांभाळाल?"

मग परिचारिका उभी राहिली. तिचा चेहरा असा झाला होता की मला बशीतल्या पावाकडे पाहावे लागले.

"त्या दिवशी बघायचं काम माझं होतं. मी बघितलं. झडप उघडी होती, अगदी शपथ. आता डॉक्टर म्हणतात, पहाटे पडले. म्हणजे रात्री ते लावायलाच विसरले असणार. पण मी नर्स आहे! नुसतं खालून हात हलवून झोपायला गेले मी. एक हाक मारायला काय झालं होतं मला?"

"तुझं काय चुकलं गं?" काकू म्हणाल्या. "झडपेनंच दगा दिला."

"मग ती पद्धत काय कामाची?" पलीकडून कोणीतरी म्हणाले. "धडधाकट माणूस अर्धा दिवस पडून राहिला नि आपण खाली बसून चहा पीत होतो. आता लुळ्या माणसाला काय सांभाळणार आपण? उगाच वाऱ्यावरची वरात."

सगळ्यांनी माना हलवल्या. पुतण्यानेही हलवली. हे सर्व जण निष्ठुर नव्हते. उलट भीतीने बोलत होते. त्यांना खरेच वाटत होते की आपण एकमेकांना सांभाळू शकतो, हा आपला भ्रम होता.

पद्धत मुळीच चुकलेली नव्हती. मी ती झडप उघडली नसती, तर परिचारिकेने ती बंद पाहिली असती, जिना चढली असती, दार वाजवले असते, किल्ली आणली असती. एवढे सांगितले असते, तर भोंग्याची खोली त्याला परत मिळाली असती. सांगावयास एक वाक्य पुरे होते. माझ्या मनात ते वाक्य कर्ता, कर्म, क्रियापदासह तयार होते. मी ते बोललो नाही.

बैठकीचा निर्णय फलकावर लिहिण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. "संबंधितांची काळजी घेण्यास आपली व्यवस्था असमर्थ असल्याने..." असे ते वाक्य आहे. मी ते शुद्ध लिहिले.

९ एप्रिल

सूनबाई,

भोंगा गेला. म्हणजे जिवंत आहे. पुतण्या त्याला घेऊन गेला. निरोप द्यावयास आम्ही सर्व रुग्णालयाच्या दाराशी उभे होतो. गाडीत बसवताना त्याने डावा पाय जमिनीत रोवला. दोन माणसांना तो उचलावा लागला. मी त्या वेळी चपलेचा पट्टा नीट करीत होतो.

त्यानंतर तीन दिवसांनी परिचारिका जिन्यापाशी पेटी घेऊन उभी दिसली. तिने दुसऱ्या गावी बदली मागितली होती. म्हणाली, "मला आता वर बघवत नाही हो, आजोबा. सकाळी सगळ्या उघड्या दिसल्या तरी विश्वास बसत नाही. वाटतं, यातल्या खऱ्या किती?"

तिच्या पेटीच्या कडीवर हात ठेवून मी सांगितले. सज्जा, काठी, सुतळी, तो घासल्याचा आवाज, सगळे. माझी कल्पना होती की ती ओरडेल. ती पायरीवर बसली.

"इतके दिवस मला घास उतरत नव्हता," ती म्हणाली. "आणि तुम्ही रोज माझ्यासमोर बसून पावाला लोणी लावत होतात."

तिचा आवाज अगदी हळू होता. मग तिने पेटी उचलून परत खोलीत नेली आणि दार लावून घेतले. ती येथेच राहिली आहे. माझ्याशी बोलत नाही. मी खोलीत आलो की ती खोली सोडत नाही, एवढी मात्र सभ्य आहे.

त्याच रात्री जेवताना मी सर्वांना सांगितले. काकूंच्या हातातला डाव तसाच राहिला. "म्हणजे पद्धत चुकली नव्हती!" त्या म्हणाल्या, आणि माझ्यावर रागावण्याआधीच दूरध्वनीकडे धावल्या. सगळे भोवती गोळा झाले. पुतण्याला त्यांनी घाईघाईने सर्व सांगितले, तळमजल्यावरची एक खोली रिकामी करून देतो म्हणाल्या, पाळीपाळीने रात्री जागू म्हणाल्या. पुतण्याने सर्व ऐकून घेतले. मग तो म्हणाला, आणि आम्ही सर्वांनी ऐकले:

"काकू, आधी तुम्ही म्हणालात, पद्धत कुचकामी. आता म्हणता, पद्धत चांगली, माणूस कुचकामी. मग काकांना मी कुणाच्या भरवशावर पाठवू?"

काकूंनी दूरध्वनी खाली ठेवला. मी गप्प राहिलो, म्हणून भोंग्याला घर सोडावे लागले. आणि मी बोललो, म्हणून त्याची परत येण्याची वाट बंद झाली. दोन्ही गोष्टी मीच केल्या, आणि दोन्ही चुकीच्या वेळी. घरातल्यांनी मला एका शब्दाने दुखावले नाही. फलकाचे कामही काढून घेतले नाही. काढून घेतले असते, तर बरे झाले असते.

आता विनंती. तू त्याच शहरात आहेस. पुतण्याचा पत्ता मागील बाजूस लिहिला आहे. एकदा जाऊन त्याला पाहून येशील का? तुझ्याकडे काही मागण्याचा हक्क मी गमावला आहे. तुझे लग्न झाले, त्या आठवड्यात तू कामावर असताना मी सामान बांधले आणि किल्ली शेजारी ठेवून निघालो. नव्या संसारात म्हाताऱ्याची अडगळ नको, असे मी स्वतःला सांगितले आणि त्यालाही सभ्यपणाच म्हटले. तुझ्या तोंडाकडे पाहून विचारले असते, तर तू काय म्हणाली असतीस, हे मला आजही ठाऊक नाही.

नाही गेलीस, तरी मी समजून घेईन.

६ मे

चिरंजीव सूनबाई,

तुझे कार्ड मिळाले. "गेले होते. खोलीला खिडकी नाही, पण मागे अंगण आहे, तिथे बसवते त्यांना. बोलत नाहीत. मला घाबरले नाहीत. दर रविवारी जाईन. तुम्ही या." एवढाच मजकूर, पण मी तो किती वेळा वाचला, हे सांगत नाही.

मी आलो होतो. बुधवारी, कोणालाही न कळवता. तुझ्या घरावरूनच बस गेली. खिडकीत निळा पडदा दिसला. तो पूर्वी नव्हता. मी उतरलो नाही. उतरावयास हवे होते. तू "या" म्हणाली होतीस, आणि मी पुन्हा मनाशीच ठरवून टाकले की कामाच्या दिवशी तुला त्रास नको. ही खोड इतकी जुनी आहे, की ती माझ्या लक्षात येते तेव्हा बस पुढे गेलेली असते.

भोंगा अंगणात खुर्चीवर होता. अंगणात टायरांची चळत आणि वर पत्रा. पुतण्याच्या बायकोने चहा आणला. त्याला ती चमच्याने पाजत होती. माया करते, हे दिसले. तो बारीक झाला आहे. दाढी मात्र तीनच दिवसांची होती. त्या बाई म्हणाल्या, "रविवारी तुमच्या सूनबाई करून जातात." मी त्यांचा शब्द दुरुस्त केला नाही.

त्या आत गेल्यावर मी त्याला सांगितले. सगळे सांगितले. पूर्ण वाक्यांत, काहीही न गाळता. मी आवाज ऐकला होता, हेही. बैठकीत गप्प बसलो, हेही. या वेळी मी त्याच्या तोंडाकडेच पाहत होतो, आणि ते सोपे नव्हते; त्याचा डावा डोळा माझ्यावर खिळलेला होता आणि उजव्यातून पाणी गळत होते. ते रडणे नव्हे, त्या बाजूची पापणी मिटत नाही, असे मला आधीच सांगण्यात आले होते. सांगून झाल्यावर मी "क्षमा" हा शब्द उच्चारणार होतो. त्याआधी तो बोलला.

एक शिवी. बंदरावरची, आईवरून दिलेली, स्वच्छ आणि पूर्ण. आवाज पूर्वीचाच होता, सूनबाई. पत्र्यावरचा कावळा उडाला.

पुतण्या दुकानातून धावत आला. "मनावर घेऊ नका, आजोबा," तो म्हणाला. "परवापासून तेवढा एकच शब्द परत आलाय. चहा दिला तरी तोच, डॉक्टरांना तोच, मांजरीलाही तोच. डॉक्टर म्हणतात, कधी कधी शिवीच आधी परत येते. चांगलं लक्षण आहे!" आणि तो मोठ्याने हसला. भोंगा हसला नाही. तो माझ्याकडे पाहत राहिला. मी आणखी थोडा वेळ बसलो, पण त्याने पुन्हा तोंड उघडले नाही. बसची वेळ झाली, तेव्हा उठलो.

परतीच्या वाटेवर मी एकच विचार करीत होतो. ती शिवी मला होती का? तो मला म्हणाला असेल, तर ते माझ्या हक्काचे आहे. मी ते घेतो, आणि त्यात सुटकाही आहे. पण मांजरीला म्हणतो, तेच मलाही म्हणाला असेल, तर माझे सांगणे त्याच्यापर्यंत पोहोचलेच नाही, आणि ते कधी पोहोचेल, हे कोणी सांगू शकत नाही. त्याला विचारता येत नाही. त्याच्यापाशी दुसरा शब्दच नाही, आणि तो शब्द माझ्यामुळे एकटा पडला आहे.

येत्या रविवारी तू जाशील, तेव्हा त्याने तुलाही तीच शिवी दिली, तर ती कशी दिली, नजर कोठे होती, हे बारकाईने पाहून मला कळव, असे लिहावयास मी हे पत्र हाती घेतले होते. तसे लिहीत नाही. तुझ्या डोळ्यांनी पाहून माझा निकाल मागवणे बरोबर नव्हे.

मी शनिवारी येतो. दुपारच्या बसने. मला तुझ्याकडे उतरावयाचे आहे, चालेल का? चालत नसेल, तर तसे स्पष्ट कळव, मी मनाने काही ठरवणार नाही. तुझ्या यजमानांना मी काय म्हणून हाक मारावी, तेही सांग. इतक्या पत्रांत मी त्यांची एकदाही विचारपूस केलेली नाही.

रविवारी आपण दोघे जाऊ. दाढी मी करीन, तू मला शिकव. आणि त्याला जे म्हणावयाचे असेल, ते तो तुझ्यासमोर मला म्हणू दे.

तुझा
बाबा